यंत्रदोष

चंद्र एक तास आधी उगवला आणि यज्ञेश्वरपंत टोकेकरांना चंद्राचाच राग आला.

राग कुणाचाही यावा, पण चंद्राचा यायला अंगी तसा अधिकार लागतो. पंतांच्या अंगी तो होता. उज्जैनहून निघणाऱ्या 'शिप्रातीर' पंचांगाचं सगळं गणित तरुणपणापासून तेच करत आले होते, आणि आजच्या संकष्टीचा चंद्रोदय त्यांनीच नऊ वाजून सतरा मिनिटांना लावून दिला होता. घड्याळात अजून साडेआठही झाले नव्हते. तरी कार्तिक चौकातल्या त्यांच्या गच्चीवरून पाहावं, तर समोरच्या धर्मशाळेच्या कौलांवर चंद्र चांगला वीतभर चढून बसलेला. पंतांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत घातला. चंद्र तिथंच होता.

खांद्याला हात लागला तसे ते दचकून वळले. मागे विनोदिनीबाई उभ्या होत्या, बोटांना तांदळाची उकड चिकटलेली.

"खालून चार हाका मारल्या. कुठे लक्ष असतं?"

"तू हळू बोलतेस आजकाल."

"मी? मी हळू बोलते?" विनोदिनीबाईंचा आवाज पार रामघाटापर्यंत जातो असं त्यांच्या सासूबाई म्हणत, त्यामुळे हा आरोप त्यांना नवाच होता.

पण पंतांचं ते ठाम मत होतं, आणि ते एकट्या बायकोबद्दल नव्हतं. या एक नोव्हेंबरला मध्य भारत हे राज्यच संपलं, नव्या मध्य प्रदेशात विरून गेलं, राजधानी भोपाळला गेली. कुणाची कचेरी उठणार, कुणाची बदली होणार, याच्या धास्तीने गेलं वर्षभर अख्खं गाव दबक्या आवाजात बोलतंय, असं पंतांनी ताडलं होतं. अशा दिवसांत शहाणा माणूस मोठ्याने कशाला बोलेल?

विनोदिनीबाईंचं लक्ष तेवढ्यात वर गेलं. "अगंबाई, हा तर आलासुद्धा! माझे मोदक अजून कच्चे आहेत. तुम्ही तर बोलला होता सव्वानऊ."

"सव्वानऊच."

"मग ते वर काय आहे, दूधवाल्याचा कंदील?"

पलीकडच्या गच्चीवरून दुर्गाभाभी ओरडल्या. त्यांचं बोलणं मात्र पंतांना स्वच्छ ऐकू आलं, कारण त्या ओरडल्या की सगळ्या गल्लीला ऐकू यायचं. "टोकेकर जी! आज आपका चाँद पंचांग देखे बिना ही निकल आया क्या? हमारे पंडितजी के यहाँ तो सवा आठ लिखा है!"

गल्लीत आणखी चार-पाच मराठी घरं होती. एकेका गच्चीवर एकेक बाई येई, चंद्राकडे पाही आणि मग पंतांच्या गच्चीकडे पाही. कुणाचा नैवेद्य तयार नव्हता, कुणाच्या दूर्वाही निवडून झाल्या नव्हत्या. दिवसभराच्या उपाशी बायका, आणि देव दारात येऊन उभा. पंतांना त्या नजरा झेपेनात. क्षणभर त्यांना अगदी प्रामाणिकपणे वाटलं, चंद्रच चुकला असेल. कारण दुसरी शक्यता मनात आणवत नव्हती. दुसरी शक्यता म्हणजे ब्रुन्सविगा चुकली.

"आता उद्या तुमच्या त्या जर्मनीणीला विचारा," असं म्हणत विनोदिनीबाई मोदक उकडायला धावल्या.

ही जर्मनीण, ब्रुन्सविगा, म्हणजे हिशेबाचं यंत्र. काळंभोर, शिवणयंत्राच्या डोक्याएवढं, पण उचलायला गेलं तर पाट्यासारखं जड. पाठीवर खाचांतून सरकणारे बारीक खटके, बाजूला एक दांडा. आकडा खटक्यांवर लावायचा आणि दांडा फिरवायचा. सुलटा फिरवला की बेरीज, उलटा फिरवला की वजाबाकी, आणि उत्तर खालच्या चिमुकल्या खिडक्यांत येऊन उभं राहायचं. पंचांगाचे थोरले मालक आंबेकर यांनी ती मुंबईहून मागवली तेव्हा इथं ग्वाल्हेरच्या महाराजांचं राज्य होतं, आणि पंत नुकते चिकटलेले उमेदवार होते. थोरल्या मालकांनी पहिल्याच दिवशी एक भला थोरला गुणाकार करून दाखवला. तोच गुणाकार पंतांनी आदल्या दिवशी पाटीवर केला होता आणि तीनदा चुकवला होता. इथं दांड्याचे काही फेरे, पोटात दात्यांवर दाते बसल्याचा खळखळाट, आणि उत्तर हजर. पंतांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाकीच्यांना वाटलं, आता नोकरी जाणार म्हणून पोरगं रडतंय. तसं काही नव्हतं. गाभाऱ्याचा पडदा सरकल्यावर जे होतं, ते झालं होतं.

तिच्याबरोबर आलेल्या माहितीपत्रकावरचे जर्मन शब्द वाचून कापडगिरणीतल्या एका इंजिनियरने अर्थ सांगितला, 'पोलादी मेंदू'. पंतांनी तिथल्या तिथे हात जोडले. पुढे लढाईत जर्मन माल बंद झाला, सुटा भाग मिळेनासा झाला, तेव्हा त्यांनी पिसाने एकेका दात्याला तेल लावून तिला जपलं. खंडेनवमीला ती पाटावर बसे. झेंडूची माळ चाले, हळदकुंकू मात्र वर्ज्य. कारण एका वर्षी हळद दात्यांत गेली आणि दसऱ्याला सोनं लुटायचं सोडून पंत ब्रशाने दाते झाडत बसले होते. दुसऱ्या कंपनीच्या बटणांच्या यंत्राची कुणी तारीफ केली की ते विचारत, "हिशेब करायचाय की पेटी वाजवायचीय?" देश स्वतंत्र झाला त्या दिवशी फ्रीगंजच्या बाजारातून मिठाई घेऊन ते थेट छापखान्यात आले आणि पहिला पेढा तिच्यापुढे ठेवला. मग संस्थान गेलं, मध्य भारत आला, आता तोही गेला. "राज्यं बदलली," पंत म्हणत, "पण हिची घंटी बघा, तोच सूर."

त्या घंटीवर तर त्यांचा विशेष जीव. या यंत्रावर भागाकार करायचा म्हणजे दांडा उलटा फिरवत एकच आकडा पुन्हा पुन्हा वजा करत जायचं. किती वेळा? ते ठरवायची गरज नाही. वजा करायला काही उरलं नाही आणि तरी तुम्ही फिरवलंत, की आत घंटी वाजते आणि खिडक्यांत ओळीने नऊ उभे राहतात. म्हणजे एक फेरा जास्त झाला. मग दांडा एकदा सुलटा फिरवायचा, जास्तीचं परत करायचं आणि पुढच्या घरात जायचं. माणसाला पुढे जाऊ देऊन मग चूक दाखवणारं, आणि एका फेऱ्यात ती सुधारू देणारं असं यंत्र ज्याने काढलं तो कुणीतरी संत असला पाहिजे, असं पंतांना वाटे. घरातही हाच कायदा होता. भांडणात एखादा शब्द जास्त गेला की पंत थोड्या वेळाने विनोदिनीबाईंपाशी येऊन म्हणत, "घंटी वाजली. एक फेरा मागे." आणि त्या हसत.

दुसऱ्या दिवशी फ्रीगंजातल्या छापखान्यात पाऊल टाकलं तेव्हा भय्यासाहेब आंबेकर त्यांची वाटच पाहत होते. भय्यासाहेब म्हणजे थोरल्या मालकांचे चिरंजीव, तोंडात पान, स्वभाव लोण्यासारखा. पण आज पान नव्हतं.

"रामघाटवरचे गुरुजी सकाळीच येऊन गेले, पंत. महिला मंडळाच्या बायकाही आल्या होत्या. त्यातल्या दोघी तर रडून राहिल्या होत्या हो, चंद्राला नैवेद्य चुकला म्हणून." मग ब्रुन्सविगेकडे बोट दाखवत ते म्हणाले, "बुढी झाली ती आता."

"ब्रुन्सविगा चुकत नाही."

"मग चंद्र चुकला?"

या प्रश्नावर पंत आदल्या संध्याकाळीच विचार करून थकले होते.

"बसा," भय्यासाहेब खुर्ची ओढत म्हणाले. "तोच हिशेब परत करा. माझ्यासमोर. बघू तरी."

पंतांना आनंदच झाला. त्यांनी अस्तन्या सारल्या, खटके लावले, डाव्या हाताखाली कोष्टकं उघडली. त्यांची पद्धत ठरलेली होती: डोळे कोष्टकावर, हात दांड्यावर, कान घंटीवर. खिडक्यांकडे बघत दांडा फिरवतो तो नवशिका. पंत खिडक्यांकडे बघत नसत.

गणित शेवटच्या भागाकारावर आलं. पंत दांडा उलटा फिरवू लागले. फिरवत राहिले, घंटीची वाट पाहत. समोर काहीतरी हाललं म्हणून त्यांनी नजर उचलली. भय्यासाहेब पुढे वाकले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. पंतांनी आणखी एक फेरा घेतला. तेव्हा भय्यासाहेबांचा हात येऊन त्यांच्या मनगटावर पडला.

"वाजली की!"

"काय?"

"घंटी, पंत. केव्हाची वाजली."

"नाही वाजली."

भय्यासाहेबांनी खिडक्यांकडे बोट केलं. नवांची रांग उभी होती. मग त्यांनी स्वतः दांडा हातात घेतला, पुढे फिरवला, मागे फिरवला, परत पुढे. आणि दर वेळी भुवया उचलून पंतांकडे पाहिलं. "ही वाजली. ही परत. ही घ्या."

पंतांनी यंत्राला कान लावला. लोखंड गार लागलं, तेलाचा ओळखीचा वास आला. बाकी काही नाही.

मग सगळं एकदमच लक्षात आलं. हरसिद्धीच्या देवळातली सांजआरती हल्ली लवकर आटपल्यासारखी का वाटते, दुर्गाभाभी तेवढ्या स्पष्ट का बोलतात, आणि सारं गाव दबक्या आवाजात का बोलतंय. गावाला काहीच झालं नव्हतं. गेल्या वर्षी हे गणित करतानाही असंच झालं असणार. घंटी हुकली, फेरे दोन जास्त झाले, मग ओझरती नजर जाऊन नऊ दिसले. आणि इतक्या वर्षांच्या सवयीने हाताने एकच फेरा मागे घेतला. एक उरला. तोच नेमका तासाच्या घरात जाऊन बसला, आणि गावातल्या बायकांचा चंद्र तासभर पुढे गेला.

भय्यासाहेबांनी उठून दार लोटलं. परत आले ते पंतांच्या अगदी जवळ बसले आणि त्यांच्या कानाशी, एकेक शब्द सुटा करून बोलले.

"हे आपल्या दोघांतच राहील. मी काही बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका. शुद्धिपत्र तर सकाळीच जुळवायला टाकलंय. हे बघा."

ओल्या शाईचा कागद त्यांनी पुढे सारला. 'कार्तिक वद्य चतुर्थीचा चंद्रोदय यंत्रदोषामुळे रात्री ९ वा. १७ मि. असा छापला गेला, तो ८ वा. १७ मि. असा वाचावा. वाचकांनी क्षमा करावी.'

"हे भंगारात देऊन टाकू," भय्यासाहेब म्हणाले, "आणि नवं आणू, बटणांचं. त्यात घंटीची भानगड नाही, सगळं डोळ्यांनी बघायचं. तुमचे डोळे तर एकदम पक्के आहेत ना? मग झालं. तुम्ही जसे आहात तसे राहाल."

यात भय्यासाहेबांचा स्वार्थ नव्हता, आणि तेच अवघड होतं. पंतांना नोकरी हवी होती. पन्नाशी उलटलेल्या, ऐकू न येणाऱ्या माणसाला या दिवसांत कोण दारात उभं करणार? भोपाळच्या धास्तीने धडधाकट माणसं नोकऱ्या शोधत हिंडत होती. त्यांनी तो कागद पुन्हा वाचला. सगळा कागद ठीक होता. एकच शब्द होता, 'यंत्रदोषामुळे', आणि त्यावरून नजर पुढे सरकेना. हे घराघरांत पंचांगावर चिकटवलं जाणार. उद्या कुणी विचारलं, आंबेकरांच्या त्या यंत्राचं काय झालं, तर लोक सांगणार, चुकायला लागलं होतं. जिने इतक्या वर्षांत एकदाही त्यांना चुकू दिलं नाही, तिच्याबद्दल. आणि तिला तर उलटून बोलताही येत नव्हतं. बोलायला एक घंटी होती, ती तिने वाजवली होती.

पंतांनी दौत ओढली. 'यंत्र' या दोन अक्षरांवर सरळ रेघ मारली आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'गणक'. गणकदोषामुळे.

भय्यासाहेबांनी कागद पाहिला आणि ते उभेच राहिले. "पंत, जरा विचार करा. हे छापलं तर मला तुम्हाला ठेवता नाही येणार. रामघाटवाले एक दिवस ऐकून घेणार नाहीत."

"परत सांगा," पंत म्हणाले. त्यांना खरंच ऐकू आलं नव्हतं.

भय्यासाहेबांनी परत सांगितलं. मोठ्याने ते बोलणं फार वाईट वाटलं, सांगणाऱ्यालाही.

"ठाऊक आहे मला," पंत म्हणाले.

"अहो, लोखंड आहे ते! त्याला काय लागतंय कुणी काही म्हटलं तर? ते थोडंच काही बोलणार आहे?"

"म्हणून तर." पंतांनी दौतीचं झाकण लावलं. "तिने घंटी दिली होती, भय्यासाहेब. मला ऐकू आली नाही. फेरा एक जास्त झालाय, तेवढा मागे घेऊ द्या. आणि तिला भंगारात नका देऊ."

भय्यासाहेबांनी तो कागद उचलला. मग त्यांनी होकारार्थी मान हलवली.

घरी हे कळलं तेव्हा विनोदिनीबाईंनी आधी कपाळावर हात मारला. "एका लोखंडी बाईसाठी नोकरी सोडून आलात! काय खायचं आपण, तिचे खटके?" पंतांना त्यातले निम्मे शब्द ऐकू आले, पण निम्मे पुरेसे होते. जेवणं झाली. भांडी विसळून विनोदिनीबाई आल्या, त्यांच्या शेजारी बसल्या आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "घंटी वाजली हो. एक फेरा मागे." आणि पदराने डोळे पुसू लागल्या. तेव्हा मात्र पंतांनाही आवरलं नाही.

पुढे भैरवगढच्या एका छिप्याने त्यांना हिशेब लिहायला ठेवून घेतलं. कापडावर लाकडी ठशांनी वेलबुट्टी छापणारी ही माणसं दिवसभर ठसे ठोकत, त्यामुळे तिथं सगळेच ओरडून बोलत. पंतांना ते बरं पडलं. ते छपाईच्या लांब मेजाच्या टोकाला बसत, एक हात मेजावर ठेवून. काही दिवसांनी त्यांच्या ध्यानात आलं की ठसा पडल्याचं आपल्याला न बघता कळतं. धप्प आवाज येत नव्हता, पण लाकडातून काहीतरी चालत येऊन तळव्याला लागत होतं. पंत लिहायचं थांबले. त्यांनी डोळे मिटले आणि तळवा मेजावर नीट दाबला. पुन्हा आलं. पुन्हा. जग गप्प झालेलं नव्हतं, त्याने फक्त दार बदललं होतं. अंगावर काटा आला त्यांच्या. मालक विचारत होता, "क्या हुआ, पंतजी? तबीयत तो ठीक है?"

पाडव्याच्या आधी नवं पंचांग निघालं. गणक म्हणून आता श्रीधर मोडकांचं नाव होतं. इंदूरहून गणितात एम.एस्सी. झालेले, शांत, चष्मेवाले गृहस्थ. पंत आपली प्रत आणायला फ्रीगंजात गेले. पहिल्याच पानावर ते शुद्धिपत्र पुन्हा छापलं होतं. 'गणकदोषामुळे'. टाईप सुबक बसला होता. पंतांनी ते वाचलं आणि पान उलटलं.

आतल्या खोलीत ब्रुन्सविगा तिच्या जागी होती. मोडक गणित करत होते. पंतांना पाहताच ते अदबीने उठायला लागले, तसं पंतांनी हाताने त्यांना बसवलं. "चालू द्या. भागाकार आहे ना?"

मोडकांनी मान हलवली आणि ते दांडा उलटा फिरवू लागले. त्यांचे डोळे खिडक्यांवर होते. पंत खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. थोडा वेळ नुसते पाहत होते. मग वाकून त्यांनी उजवा तळवा यंत्राच्या काळ्या पाठीवर ठेवला, पाटावर बसवताना ठेवत तसा. आत दाते फिरत होते. एकेक दाता त्यांना ओळखीचा लागला. फेरा झाला, दुसरा झाला, आणखी झाले. मग त्या सगळ्या खळखळीतून एक बारीकशी थरथर वर आली आणि तळव्याच्या मधोमध येऊन थांबली.

"वाजली," पंत म्हणाले.

मोडकांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं, आणि एक फेरा मागे घेतला.